स्कॉटलंडमध्ये न सापडणारे खापरपणजोबा: माणूस नको, आधी त्याचं घर शोधा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या पणजीचे वडील स्कॉटिश, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत फिटर होते, मग फोरमन झाले, भुसावळला वारले. दफनाच्या नोंदीतल्या वयावरून जन्म साधारण 1852 चा. घरात सगळे सांगत आले की ते ग्लासगोचे. पण ग्लासगोत त्या नावाची माणसं ढिगाने सापडतात आणि नेमके आपले कुठले ते काही कळत नाही. खरी नावं इथे लिहीत नाही, त्यांच्या जागी विल्यम थॉमसन असं धरून चालू, आणि पणजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जे मधलं नाव तुम्हाला विचित्र वाटलं त्याच्या जागी गॅलब्रेथ धरू.

मी बरीच वर्षं स्कॉटिश रेकॉर्ड्समध्ये काम करतोय, त्यावरून सांगतो की तुमची केस हातातून गेलेली अजिबात नाही, उलट चांगली आहे, कारण ते मधलं नाव. तुम्ही आत्तापर्यंत विल्यम थॉमसन शोधत बसलात आणि तिथेच सगळे अडकतात. स्कॉटलंडचं रेकॉर्ड वापरायचं तर एकटा माणूस शोधायचा नाही, त्याचं अख्खं घर शोधायचं, आई, बाप, भाऊ, बहिणी सगळे. तिथे बायकांचं माहेरचं आडनाव कागदावरून पुसलं जात नाही. जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव, लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही आयांची, मृत्यूच्या नोंदीतसुद्धा मेलेल्या माणसाच्या आईचं, अगदी नव्वद वर्षांची म्हातारी वारली तरी. त्याच काळातल्या इंग्लंडच्या मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं लिहायची पद्धतच नव्हती. विल्यम थॉमसन शेकडो असतील पण थॉमसन बाप आणि गॅलब्रेथ आई असं जोडपं त्या काळात मोजकंच निघतं.

आता गॅलब्रेथ हे आईचंच आडनाव आहे का हे अजून नक्की नाही हां. स्कॉटिश लोक मुलांना मधलं नाव म्हणून आजीचं माहेरचं आडनाव सर्रास द्यायचे, मुलींना सुद्धा, त्यामुळे पणजीला ते वडलांच्या आईकडून आलं असेल किंवा तिच्या स्वतःच्या आईच्या आईकडून. कधीकधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं नाहीतर साहेबाचं आडनावही लावायचे. म्हणून पणजीच्या सगळ्या भावंडांची पूर्ण नावं आधी गोळा करा. त्यांचा एक क्रम असायचा, पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, तिसरा स्वतः बापाच्या नावाचा, आणि पहिली मुलगी आईच्या आईच्या, दुसरी बापाच्या आईच्या, तिसरी आईच्या. सगळ्यांनी पाळला असं नाही, पण परदेशात गेलेल्या माणसांनी बऱ्याचदा जास्तच निष्ठेने पाळला असं माझं निरीक्षण आहे. पहिला मुलगा जेम्स असेल तर जेम्स थॉमसन आणि कोणीतरी गॅलब्रेथ अशा जोडप्यावर पहिला डोळा ठेवायचा. हा पुरावा नाही, फक्त कुठून सुरुवात करायची ते कळतं.

स्कॉटलंडला जायच्या आधी भारतातलं एक काम राहिलंय, ते म्हणजे त्यांच्या लग्नाची नोंद. तुमच्याकडे दफनाची आहे पण त्यात आईबाप नसतात. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला लंडनला पाठवल्या जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, मुंबईची मालिका एन-3. त्यात स्कॉटिश चर्चच्या नोंदीही येतात. इमेजेस फाइंडमायपास्ट या वंशशोधाच्या साइटवर बघता येतात, आणि फिबिस (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेच्या साइटवर फुकट शोधता येतं. 1870-80 च्या दशकातल्या लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या वडलांचं नाव असतं, तो बॅचलर होता की विधुर हे असतं आणि सही असते. विधुर लिहिलं असेल तर स्कॉटलंडमध्ये त्यांचं एक लग्न आधी झालेलं असू शकतं आणि मग काम एकदम सोपं, कारण 1855 नंतरच्या स्कॉटिश लग्नाच्या नोंदीत चारही आईबाप नावानिशी मिळतात. सही नीट बघा. स्कॉटलंडमध्ये थॉमसन बहुतेक वेळा पी शिवाय लिहितात आणि भारतातल्या कारकुनांनी मध्ये पी घुसवलेला असतो, तेव्हा तुम्ही पी वाला थॉम्पसन शोधत असाल तर निम्मी माणसं दिसलीच नसतील. रेल्वे कंपन्यांनी विलायतेतून करार करून आणलेल्या लोकांचेही कागद इंडिया ऑफिसमध्ये आहेत, तेही बघून घ्या.

बरं, आता ग्लासगो. घरात सांगितलेलं गाव पूर्ण खरंही मानू नका आणि टाकूनही देऊ नका. परदेशात कोणी विचारलं तर माणूस जवळचं मोठं शहर सांगतो. ते रेल्वेत फिटर होते म्हणजे ग्लासगोशी संबंध असण्याची शक्यता बरीच आहे, कारण शहराच्या उत्तरेला स्प्रिंगबर्न नावाचा भाग आहे, तिथे कॉउलेअर्स आणि सेंट रोलॉक्स ही रेल्वे कंपन्यांची वर्कशॉप्स होती आणि 1860 च्या दशकात नील्सन कंपनीचा हाइड पार्क कारखानाही तिथेच आला. दक्षिणेला पोलमाडीत ड्यूब्सचा कारखाना. भारतात धावलेली कितीतरी इंजिनं याच कारखान्यांत बनली, पुढे 1903 मध्ये नील्सन, ड्यूब्स आणि शार्प स्टुअर्ट मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. त्यामुळे तिथला शिकलेला फिटर भुसावळ किंवा इगतपुरीला जाणं अगदी नेहमीचं. पण स्प्रिंगबर्नमध्ये काम करणारे सगळे स्प्रिंगबर्नमध्ये जन्मले नव्हते, कोणी हायलँड्समधून आलेले, कोणी स्टर्लिंगशायर, एअरशायरमधून, खूप जण आयर्लंडमधून. आणि स्प्रिंगबर्न जुन्या रेकॉर्डमध्ये ग्लासगो पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) नाही तर बॅरनी पॅरिशमध्ये येतं, म्हणजे फक्त ग्लासगो पॅरिश निवडून शोधलंत तर शेजारचाच माणूस दिसणार नाही. गोर्बल्स, गोव्हन याही वेगळ्या पॅरिश.

म्हणून 1871 चा सेन्सस काढा. तेव्हा ते 18-19 वर्षांचे, बहुतेक कुणाच्या तरी घरी लॉजर, धंदा एंजिन फिटर किंवा अप्रेंटिस. 1851 पासूनच्या सेन्ससमध्ये जन्माची पॅरिश आणि काउंटी लिहिलेली असते, ती तुम्हाला हवीय. वय तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका, तीन-चार वर्षं इकडेतिकडे धरून चाला. आणि 1841 च्या सेन्ससमध्ये आजोबा-आजी शोधाल तेव्हा लक्षात ठेवा की 15 च्या वरची वयं बऱ्याच ठिकाणी पाचच्या पटीत खाली आणून लिहिलीत, 29 वर्षांचा माणूस 25 चा दिसतो, आणि जन्माचं गाव नसतंच, त्याच काउंटीत जन्म झाला की नाही एवढंच असतं.

तुम्ही लिहिलंत की 1852 च्या आसपासचा बाप्तिस्मा कुठेच जुळत नाही, म्हणजे नोंद नष्ट झाली असणार. तसं नसतं बहुतेक वेळा. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली, त्याआधी होती ती चर्च ऑफ स्कॉटलंडची पॅरिश रजिस्टर्स, सगळ्यात जुनं पर्थशायरमधल्या एरोलचं, 1553 चं. त्यात मूल नोंदवायची सक्ती नव्हती. त्यात 1843 मध्ये चर्च फुटलं, साडेचारशेहून जास्त पाद्री बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं, त्यांच्यामागे लाखो लोक गेले. त्याच्याही आधी 1733 पासून सिसेशनवाले, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटलेला जुना गट, वेगळे झालेले, शिवाय कॅथलिक आणि एपिस्कोपल आहेतच. तर 1852 मध्ये फ्री चर्चच्या घरात जन्मलेलं मूल पॅरिश रजिस्टरमध्ये नसणं हे अगदी साधं आहे. कुठल्या चर्चचे होते हे ओळखायची युक्ती म्हणजे 1855 नंतर बहिणीचं किंवा भावाचं लग्न झालं असेल ती नोंद बघायची, तिच्यात कुठल्या चर्चच्या पद्धतीने लग्न लागलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. एक पिढी मागे गेलात की अजून एक खड्डा लागेल, 1783 ते 1794 मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, बऱ्याच जणांनी त्या काळात मुलं नोंदवलीच नाहीत. आईबापांचं लग्न सापडलं नाही तरी घाबरू नका, साक्षीदारांसमोर आम्ही नवराबायको असं नुसतं जाहीर केलं तरी ते लग्न कायदेशीर होतं, अगदी 1940 पर्यंत, आणि अशी लग्नं रजिस्टरमध्ये असतीलच असं नाही.

म्हणजे विल्यमची स्वतःची जन्मनोंद कदाचित कधीच मिळणार नाही. आणि मिळालीच पाहिजे असंही नाही, कारण त्याची धाकटी भावंडं आहेत ना! फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या साइटवर फुकट अकाउंट काढा आणि मुलाचं नाव रिकामं ठेवून फक्त बापाचं आडनाव थॉमसन आणि आईचं गॅलब्रेथ टाकून शोधा. तिथे जुन्या पॅरिश नोंदींबरोबर 1855 ते 1875 च्या सरकारी जन्मनोंदींचाही मोठा इंडेक्स आहे, आईबापांच्या नावासकट. एकाच जोडप्याची पाच-सहा मुलं एकाखाली एक दिसतील आणि मध्ये 1850 ते 1854 अशी मोकळी जागा दिसली की थांबा, तिथे तुमचा माणूस असू शकतो. मग स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर जाऊन धाकट्या भावंडाची मूळ इमेज विकत घ्या, इंडेक्सवर कधीच थांबू नका. त्यातल्या त्यात कुणी 1855 सालात जन्मलं असेल तर सोनंच. त्या एका वर्षाचा फॉर्म एवढा भरगच्च होता की आईबापांची वयं, त्यांची जन्मगावं, लग्न कधी कुठे झालं, आधीची मुलं किती, जिवंत किती, वारलेली किती, सगळं त्यात आहे. कारकुनांना ते झेपेना म्हणून 1856 पासून फॉर्म आटोपशीर केला, पण 1861 पासून आईबापांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण परत आलं, तेव्हा 1855 नाही मिळालं तर 1861 च्या पुढचं भावंड घ्या, 1857 चं घेऊन पैसे घालवू नका.

एवढं करून तीन-चार उमेदवार विल्यम उरले तर काय, हा खरा कस लागायचा भाग आहे आणि बहुतेक जण इथे कंटाळून जो बरा वाटतो तो चिकटवून टाकतात. असं करू नका हो, प्लीज. एकदा चुकीचा बाप लावला की वरच्या सगळ्या पिढ्या परक्याच्या होतात, आणि ऑनलाइन वंशवृक्षांमध्ये असल्या चुका एकाकडून दुसऱ्याकडे कॉपी होत जातात. प्रत्येक उमेदवाराचा पुढे काय शेवट झाला ते शोधायचं. लहानपणीच गेला का? त्या काळी ग्लासगोत मुलं फार दगावायची त्यामुळे एखादा तिथेच गळतो. 1881, 1891 च्या सेन्ससमध्ये तो स्कॉटलंडमध्येच बायकोमुलांसोबत दिसतोय का? मग तो भुसावळला नव्हता. त्याच्या मृत्यूच्या नोंदीत तीच आई आहे का? असं करत एकेक बाद होतो, आणि 1871 पर्यंत दिसून नंतर स्कॉटलंडमधून गायब होणारा जो उरतो तो आपला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. प्रत्येकाला का बाद केलं ते लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत तोच पुढे येतो आणि तुम्ही परत त्याच्यामागे जाता.

उरलेल्याला पक्का करायला मागे राहिलेली भावंडं आणि आईबाप कामी येतात. तो भारतात वारला म्हणून त्याच्या मृत्यूच्या नोंदीत आईबाप नाहीत, पण बहीण ग्लासगोजवळच्या पेझलीत वारली असेल तर तिच्या नोंदीत आहेत. स्कॉटलंडमध्ये कबरीच्या दगडावर परदेशात गेलेल्या मुलांचाही उल्लेख करायची चाल आहे, आईबापांच्या नावाखाली मुलगा विल्यम, मुंबई इलाख्यात अमुक साली वारला असं कोरलेलं असतं. बायको माहेरच्या आडनावाने. स्थानिक फॅमिली हिस्टरी सोसायट्यांनी बहुतेक काउंट्यांच्या दफनभूमी वाचून छापल्यात, आडनाव सांगितलं तर बरेच जण मदत करतात. मृत्युपत्रं बघा, स्कॉटलंड्सपीपलवर 1513 ते 1925 पर्यंतची आहेत, आणि विल्यमची स्वतःची काही मालमत्ता स्कॉटलंडमध्ये असेल तर परदेशात वारलेल्यांचं काम एडिनबराच्या कोर्टात चालायचं, म्हणून फक्त ग्लासगोचं कोर्ट निवडू नका. अविवाहित मावशी-आत्यांची मृत्युपत्रं तर मी कधीच सोडत नाही, भाच्यांची नावं आणि ते कुठे आहेत हे त्यांनी लिहिलेलं असतं. आणि बाप लवकर गेला असेल, घर गरीब असेल तर ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत शहराचं अर्काइव्ह आहे, तिथे गरिबांना मदत मिळण्यासाठी केलेल्या अर्जांचं प्रचंड दप्तर आहे. चौकशी करणारा अधिकारी घरी येऊन कोण कुठे जन्मलं, आईबाप कोण, मुलं काय करतात हे सगळं लिहून घ्यायचा. वाचताना वाईट वाटतं, लोकांच्या सगळ्यात हलाखीच्या दिवसांचे ते कागद आहेत, पण त्यांच्याइतकं तपशीलवार दुसरं काही मिळत नाही.

अजून एक शक्यता मोकळ्या मनाने धरा. मूल लग्नाबाहेर जन्मलेलं असेल तर ते आईच्या आडनावाने नोंदलेलं असू शकतं, म्हणजे तुमचे विल्यम जन्मताना विल्यम गॅलब्रेथ असतील आणि मोठेपणी बापाचं आडनाव लावून थॉमसन झाले असतील, आणि मग गॅलब्रेथ हे मधलं नाव मुलीला देणं हे आईसाठी असेल. घरातल्या मोठ्यांना हे ऐकायला आवडत नाही याची मला कल्पना आहे, पण तिकडे हे खूप घडायचं, ईशान्येकडच्या शेतीच्या भागात तर फारच, आणि पुढे आईबापांनी लग्न केलं की कायद्याने मूल औरस व्हायचं. अशा मुलाचा बाप शोधायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे कर्क सेशनची मिनिट्स, म्हणजे चर्चच्या स्थानिक कोर्टाचं इतिवृत्त. तिथे मुलीला बोलावून बाप कोण ते विचारायचे, मग त्याला बोलावायचे, त्याने कबूल केलं की नाकारलं ते तारखेनिशी लिहायचे. त्यांच्या लाखो पानांच्या इमेजेस स्कॉटलंड्सपीपलवर घरबसल्या फुकट वाचता येतात, फक्त नावांचा इंडेक्स नाही, पान-पान उलटावं लागतं. 1855 नंतरचं मूल असेल तर जन्मनोंदीच्या समासात बघा, शेरीफ कोर्टाने बाप ठरवला असेल तर दुरुस्ती रजिस्टरचा हवाला तिथे असतो.

मूळ घर हायलँड्सचं निघालं तर नावं अजून फिरतील. गेलिक बोलणाऱ्या माणसाचं नाव इंग्रजी लिहिणारा कारकून आपल्या मनाने लिहायचा, टॉर्मोडचा नॉर्मन, गिलेस्पिकचा आर्चिबाल्ड, डोनाल्डचा डॅनियल. जेसी आणि जॅनेट, जीन आणि जेन, पॅट्रिक आणि पीटर हे तर सगळीकडे एकच समजा. मॅक तीन-चार प्रकारे लिहितात आणि कधी गाळूनच टाकतात, तेव्हा शोधताना बदलणाऱ्या अक्षरांच्या जागी स्टार (*) लावा.

डीएनए टेस्टबद्दल विचारलंत, तर करा, पण स्वतःची नको, घरातल्या सगळ्यात वरच्या पिढीची करा. तुमच्यात खापरपणजोबांचा सरासरी सोळावा हिस्सा आलाय, तुमच्या आईत आठवा. खापरपणजोबांच्या भावाबहिणींचे वंशज, जे आज कॅनडा, न्यूझीलंडमध्ये असतील, ते तुमच्या पिढीला इतके लांबचे लागतात की साधारण निम्म्यांशी काहीच जुळत नाही. तुम्ही नाशिकच्या ज्या मामांचा उल्लेख केलात, जे पणजीचे सख्खे नातू आहेत, त्यांच्यात हा हिस्सा तुमच्या आईएवढाच असेल, पण त्यांच्या वाट्याला आलेले तुकडे वेगळे असणार, म्हणून दोघांचीही करा. ते 88 चे आहेत असं लिहिलंत, म्हणून हे काम सगळ्यात आधी, कागद कुठे जात नाहीत. त्यांना नीट समजावून, त्यांची परवानगी घेऊन करा. आणि त्याच भेटीत त्यांच्याकडून पणजीच्या सगळ्या भावंडांची पूर्ण नावं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत क्रमाने, लिहून आणा. ती यादी आणि लग्नाच्या नोंदीची इमेज मिळाली की मला कळवा, थॉमसन-गॅलब्रेथ जोडप्यांची छाननी आपण एकत्र बसून करू.